भवानीचा डबा

सकाळी सातला ‘पाटणे हार्डवेअर’चं शटर वर जायचं आणि सात वाजून पाच मिनिटांनी कल्लाण्णा पायरीखाली चपला काढायचे. गडहिंग्लजात घड्याळांना तोटा नव्हता, तरी आजूबाजूचे चार दुकानदार ह्या दोघांवर घड्याळ लावायचे. खिळे, पाइप आणि रंगाच्या दुकानात चपला काढून येणारं हे अख्ख्या तालुक्यातलं एकमेव गिऱ्हाईक असावं. “आत लक्ष्मी हाय,” असं ते म्हणायचे. आत होती रत्नाक्का. वय बावन्न, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि तोंड सुटलं की समोरच्याची धडगत नाही. सगळा गाव तिला अक्का म्हणायचा. कल्लाण्णांनी तिला फ्रॉकमध्ये शेंगदाणे खाताना पाहिलं होतं, म्हणून ते एकटे रत्ना म्हणायचे.

“रत्ना, चा टाकलास काय?”

“टाकलाय. आधी भवानी होऊ दे. तात्यांचा नेम मोडायचा नाही.”

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. अक्काचे वडील तात्या पाटणे ह्यांचा नेम असा होता, की दुकानातून पहिला जो माल बाहेर पडेल त्याला हळदकुंकू लावायचं आणि तो चांगल्या पायगुणाच्या माणसाच्या हातात द्यायचा. बरीच माणसं पारखून त्यांनी कल्लाप्पा गवंडी, म्हणजे हेच कल्लाण्णा, निवडले होते. हा आला की दिवस भाकड जात नाही, असा त्यांचा अनुभव. तात्या गेले तेव्हा अक्काकडे दुकान आलं, हळदकुंकवाची पितळी कोयरी आली, आणि कल्लाण्णाही आले. ज्या दिवशी काम नसेल त्या दिवशी ते ओंजळभर खिळे नाहीतर एखादा ब्रश घ्यायचे, पण भवानी त्यांचीच.

काम असेल त्या दिवशी मात्र ते डबा घ्यायला यायचे. हा डबा म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढची सगळी भानगड डोक्यावरून जाईल.

पंधराएक वर्षांपूर्वी हार्डवेअरची दुकानं मरायला टेकली होती. गवंडी, प्लंबर, रंगारी सगळे मोबाइलवर माल मागवायचे आणि तो थेट कामावर येऊन पडायचा. अक्का गल्ल्यावर बसून माश्या मारायची. मग जीवगिलावा आला. चुन्याच्या मातीत राहणारे काही जंतू असतात. पाणी आणि खाद्य मिळालं नाही की ते स्वतःभोवती टणक कवच करून वर्षानुवर्षं झोपून राहतात. पाणी, खाद्य आणि हवा मिळाली की जागे होतात, खातात-पितात आणि मागे चुनखडी सोडतात. भिंतीच्या चिरेत असे जागे जंतू भरले, की ते तिसऱ्या दिवसापर्यंत आपल्या अंगच्या दगडानं चीर भरून काढतात आणि परत झोपी जातात. पुढं दहा वर्षांनी तिथं पुन्हा पाणी शिरलं, तर पुन्हा उठून कामाला लागतात. असे मजूर कुणाला नको असतील!

पण ह्या मजुरांची खोड अशी, की प्रत्येक भिंतीला वेगळे लागतात. कुठं पाणी जड, कुठं भिंतीत मीठ, कुठं दिवसभर ऊन. म्हणून गवंडी चिरेतली चिमूटभर भुकटी मोबाइलला जोडलेल्या एका नळीत टाकतो. त्या नळीला गवंडी लोक नाक म्हणतात, कारण ती वास घेतल्यासारखी करून भिंतीचं सगळं पोट सांगते. ऑर्डर तिथूनच जाते. इकडे दुकानातलं उबवणीचं कपाट त्या भिंतीला मानवणारे जंतू निवडून उबेला ठेवतं आणि सकाळी डबा तयार असतो. जागे झालेले जंतू पाच-सहा तासांत वापरले नाहीत तर संपले. त्यामुळे तो माल मुंबई-पुण्याहून ट्रकमधून येऊ शकत नाही. तो गावातच उबवावा लागतो आणि गवंड्यानं दुकानात येऊनच न्यावा लागतो. अशा रीतीनं ज्या मोबाइलनं अक्काचं दुकान बसवलं होतं, त्याच मोबाइलनं ते पुन्हा उठवलं. सकाळी सात ते दहा पायरीवर थाप्या आणि ओळंबे खणखणायचे, चहाची किटली चार वेळा चढायची, आणि अक्काच्या तोंडाला पुन्हा काम मिळालं होतं.

काम झालं की गवंडी गिलाव्यात बोटाच्या नखाएवढी एक टिकली बसवतो. तिसऱ्या दिवशी ती मोबाइलवर कळवते, चीर भरली की हिरवी, नाही भरली की लाल. त्यावरून गवंड्याला गुण मिळतात. कल्लाण्णांचे गुण शंभरात सत्त्याण्णव होते. जिल्ह्यात त्यांच्यावर दोघंच, आणि ते दोघंही कल्लाण्णांच्या हाताखाली शिकलेले. ही गोष्ट अक्का येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायची, त्यानं नुसता फेविकॉल मागितला असला तरी.

गणपतीनंतर जीवगिलाव्याच्या कंपनीनं नवे डबे पाठवले. जुने पत्र्याचे होते, त्यांना कडेला भोकं होती. नवे हलके, चांगले दिसणारे, आणि झाकणाच्या बरोबर मधोमध रुपयाएवढा पांढरा गोल. त्या गोलाला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं होती. आतल्या जंतूंना श्वास तिथूनच. झाकणाच्या कडेनं बारीक अक्षरांत छापलं होतं, की डब्याला काहीही लावू अथवा चिकटवू नये. अक्कानं ते चष्मा लावून वाचलं. त्या दिवसापासून दुकानाच्या नावाची चिठ्ठी डब्यावर लावायची तिनं बंद केली. नियम म्हणजे नियम.

मग कोयरी उघडली, अनामिकेनं ओली हळद घेतली आणि त्या पांढऱ्या गोलावर टेकवली. वर कुंकू. इतकी नेमकी जागा कुणी आजवर करून दिली नव्हती. हळदकुंकू म्हणजे काही ‘लावणं’ आहे, असं तिच्या मनातही आलं नाही, आणि आपल्यापैकी कुणाच्या आलं असतं!

*

पहिली लाल टिकली आली ती एका डॉक्टरांच्या न्हाणीघरातून. कल्लाण्णांनी ती हसण्यावारी नेली. दुसरी आली एका गच्चीवरून. तिसरी आली तेव्हा त्यांनी पायरीवर बसून मोबाइल दोनदा पुसला.

“बिघडलंय हे नाक,” अक्का म्हणाली. “फुंकर मारून बघा.”

“नाक बरं हाय. भित्तीवर हात लावून बघितला मी. चीर तशीच. पन्नास वर्सात असं झालं न्हाई, रत्ना.”

गुण बासष्टवर आले होते. साठच्या खाली गेले की ॲप बंद होतं. ॲप बंद म्हणजे डबा नाही, आणि डबा नाही तर आजकाल भिंतीला हात लावू देतो कोण? चौथं काम ठरलेलं होतं ते हिरेवाडीच्या पाण्याच्या टाकीचं. ही टाकी कल्लाण्णांनीच तिशीत असताना बांधली होती. हिरेवाडी त्यांच्या बायकोचं माहेर. टाकीत पहिलं पाणी पडलं तेव्हा सासरेबुवांनी गावासमोर जावयाला फेटा बांधला होता, आणि तो फेटा अजून त्यांच्या ट्रंकेत होता. आता टाकीला उभी चीर गेली होती आणि गावाला चार महिने एक दिवसाआड पाणी. ही टाकी हिरवी झाली तर सगळं सावरेल, लाल झाली तर संपलं, एवढा सरळ हिशेब होता.

अक्काला त्या दिवशी राहवलं नाही. तिनं चहाचा कप पुढं केला, कल्लाण्णांनी तो घेतला, आणि बशीत चहा थोडा सांडला. रोजच सांडत असेल, तिनं कधी पाहिलं नव्हतं. आज पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं.

“अण्णा, वय झालंय आता. हात जरा थरथरतोय का हो?”

कल्लाण्णांनी कप खाली ठेवला. उजवा हात समोर धरून त्याच्याकडे बघितलं, मग पालथा करून बघितलं. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं.

“थरथरतोय वाटतं,” ते म्हणाले. “मला कळलं न्हाई.” उरलेला चहा तसाच ठेवून त्यांनी चपला घातल्या.

अक्का दिवसभर स्वतःच्या तोंडाला शिव्या घालत राहिली. म्हणूनच टाकीच्या डब्याच्या सकाळी तिनं कसलीही कसर ठेवली नाही. कपाटातून डबा काढला, पाटावर ठेवला, हळद दुप्पट घेतली, कुंकू दुप्पट घेतलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी डब्याभोवती फिरवून थोडं वरही शिंपडलं. तात्यांच्या फोटोला म्हणाली, “आज लाज राखा.” जाताना कल्लाण्णांनी दुकानाच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला.

तिसऱ्या दिवशी टाकी लाल झाली. दुपारी बारा वाजता अक्काच्या कपाटावर सूचना उमटली, की कल्लाप्पा नाईक, गवंडी, यांना यापुढं डबा देऊ नये.

दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या डॉक्टर फरीदा मुजावर आल्या. ह्या माणसांच्या नव्हे, जंतूंच्या डॉक्टर. पस्तिशीची बाई, अंगात पांढरा कोट, हातात कपाट तपासायची पेटी. त्यांनी अर्धा दिवस कपाटाचं नाकतोंड तपासलं आणि हातमोजे काढले.

“अक्का, कपाट ठणठणीत आहे. डबा कपाटातून निघतो तेव्हा आतले जंतू एकदम टुणटुणीत असतात, त्याची नोंद आहे. ह्याच कपाटातले इतर सगळ्यांचे डबे हिरवे. ह्या एका गवंड्याचेच लाल. पाणी जास्त पडत असेल, कालवायला वेळ लागत असेल. शेवटी उरतो तो हात.”

“तो हात तुम्ही बघितला नाही, डॉक्टरीणबाई.”

“नाही बघितला,” फरीदा शांतपणे म्हणाल्या. “तुम्ही बघितलाय. तुम्हाला काय वाटतं?”

अक्का गल्ल्यातली नाणी परत मोजू लागली. हे तिला पुढं फार लागलं.

*

त्यानंतर सात वाजून पाच मिनिटांनी पायरी रिकामी राहू लागली. पहिल्या दिवशी अक्कानं साडेसातपर्यंत चहा उकळत ठेवला, मग तो कडू झाला म्हणून टाकून दिला. भवानी आता इस्माईल मिस्त्रीकडे गेली. इस्माईल म्हणजे चाळिशीतला दांडगा गडी, बोलायला लागला की पंखा बंद करावासा वाटायचा. बाकीच्या सकाळी भवानी खिळ्यांवरच झाली, पण दुसऱ्या दिवशी तो पहिला आला म्हणून पहिला डबा त्याचा. अक्कानं नेमाप्रमाणे हळदकुंकू लावलं.

चौथ्या दिवशी तो वादळासारखा आत घुसला.

“अक्का! लाल! माझी भिंत लाल! आजपातूर एक बी लाल न्हाई माझी. तुझ्या कपाटात उंदीर मेलाय का काय ते बघ!”

“ओरडू नकोस. दुसऱ्या डब्याची भिंत काय झाली? ती परवाची, दहा वाजताची?”

“ती हिरवी. तीच तर गंमत हाय. त्याच हातानं केलेली.”

इस्माईल बडबडत गेला. अक्का मात्र गल्ल्यावरून उठली नाही. त्याच हातानं केलेली. सकाळी सातची लाल, दहाची हिरवी. कपाट तेच, गवंडी तोच. मग सात आणि दहा ह्यांच्यात फरक कशाचा?

परत आलेले डबे वरवर विसळून मागच्या मोरीत साठवलेले असायचे. ती उठून मोरीत गेली. झाकणांचा ढीग होता. तिनं एक झाकण उचललं आणि खिडकीसमोर धरलं. पांढऱ्या गोलातून उजेड पाझरत होता, चाळणीतून पाझरावा तसा. दुसरं धरलं, तेही तसंच. तिसऱ्याच्या गोलावर पिवळा डाग होता. पाण्यानं घासूनही न गेलेला, पक्का. ते झाकण तिनं खिडकीसमोर धरलं.

अंधार. उजेडाचा एक ठिपकाही नाही.

पिवळ्या डागाची पाच झाकणं निघाली. चार कल्लाण्णांची, एक इस्माईलचं. हिरेवाडीच्या झाकणावर तर हळदीचा पोपडाच बसला होता. अक्का ओल्या फरशीवर तशीच खाली बसली. लहानपणी गुडघा फुटला की आई त्यात हळद दाबायची. का गं आई? जंतू मरतात बाळ. तेच जंतू ह्या डब्यात मजुरी करत होते, आणि ती रोज सकाळी देवाचं नाव घेऊन त्यांचं नाक दाबत होती. आणि वर त्या माणसाला विचारत होती, हात थरथरतो का.

“अगं भवाने,” ती स्वतःलाच म्हणाली आणि मोरीतच रडली.

*

तिनं भरल्या दुकानाचं शटर दिवसाढवळ्या खाली ओढलं. आजूबाजूचे चारही दुकानदार बाहेर येऊन बघू लागले. झाकणांची पिशवी घेऊन ती कल्लाण्णांच्या घरी गेली.

ते ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. खुंटीला थापी टांगलेली होती, स्वच्छ धुतलेली, तेल लावलेली. पुन्हा न वापरायची वस्तू माणूस अशीच ठेवतो.

“ये, रत्ना. शेंगा खा.”

ती बसली नाही. एक एक झाकण काढून तिनं त्यांना उन्हासमोर धरून दाखवलं. आधी पांढरं, मग पिवळं. सगळं सांगितलं, अगदी नारळाच्या पाण्यासकट. कल्लाण्णांनी हिरेवाडीचं झाकण हातात घेतलं, नखानं हळदीचा पोपडा खरवडला, हुंगला. मग त्यांच्या पोटातून एक आवाज आला. अक्काला वाटलं रडतायत. ते हसत होते. हसता हसता ठसका लागला, आतून बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, तिला काही सांगता येईना.

“म्हंजे महिनाभर तू माझी पूजाच बांधलीस की गं! वर नारळ बी फोडलास!”

“हसू नका हो अण्णा. मी तुमचा संसार उठवला.”

“संसार कशाचा उठतोय.” त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “हळदीचं काय न्हाई वाटलं मला. तू हाताचं इचारलंस, ते मातर लागलं हुतं. आठ दिस मी ह्या हाताकडं बघत बसलोय. तांब्या धरून बघायचा, काठी धरून बघायचा. म्हटलं, रत्ना म्हणती म्हंजे खरंच असंल.”

अक्कानं त्यांचे पाय धरले. त्यांनी तिच्या डोक्यावर थापटी मारली, जरा जोरातच.

“मी आत्ता डॉक्टरीणबाईंना फोन करते,” ती उठत म्हणाली.

“खुळी हाईस काय? डब्याला काय लावायचं न्हाई असा नियम हाय. कपाट काढून न्हेतील तुझं. तात्यांचं दुकान बसंल. आता कारण कळलं न्हवं? हळद बंद कर आन् गप ऱ्हा. मी शेंगा फोडतोय, बरं चाललंय माझं.”

“बरं चाललंय? मग ती थापी तेल लावून कशाला टांगलीय?”

कल्लाण्णांनी आणखी एक शेंग फोडली. अक्कानं त्यांच्या ओसरीवरूनच फोन लावला. उभ्या उभ्या, मोठ्या आवाजात, एकही शब्द न गाळता.

“अक्का,” पलीकडून फरीदा म्हणाल्या, “ती झाकणं धुऊ नका. मी येते.”

*

फरीदा आल्या. एका पांढऱ्या आणि एका पिवळ्या झाकणाखाली त्यांनी दोन सारखे डबे दोन तास ठेवले आणि मग भिंगाखाली बघितले. पांढऱ्याखाली जत्रा भरली होती. पिवळ्याखाली सामसूम.

“निम्मे गुदमरले,” त्या म्हणाल्या, “आणि उरलेले हळदीनं गेले. तुमची हळद चांगल्या प्रतीची दिसते.”

“घरची आहे. सांगलीहून हळकुंडं आणून दळते,” अक्का सवयीनं म्हणाली आणि जीभ चावली.

फरीदांच्या तोंडावर हसू आलं आणि गेलं. कल्लाण्णांचे आणि इस्माईलचे गुण त्यांनी तिथंच बसून परत लावले. ते सत्त्याण्णव पुन्हा उमटलेलं अक्कानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मग फरीदांनी कपाटाला सील लावलं. नियम होता, एक महिना बंद. त्यापुढं काय, ते कंपनी ठरवणार होती. अक्कानं तक्रार केली नाही. सील लावताना कागद नीट बसावा म्हणून तिनंच कपाटावरची धूळ पुसून दिली.

महिनाभर गवंडी लोक डब्यासाठी संकेश्वरला जाऊ लागले. दुकान पुन्हा शांत झालं, पंधरा वर्षांपूर्वी होतं तसं. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पायरीखाली चपला वाजल्या.

“ओंजळभर खिळं दे. दोन इंची.”

“कशाला?”

“भवानी नको व्हय तुला?”

अक्कानं खिळ्यांना हळदकुंकू लावलं. खिळ्यांचं काय जातंय मरायला. महिन्याभरात कल्लाण्णांच्या घरी इतके खिळे जमले, की त्यांची बायको दुकानात येऊन अक्काला विचारून गेली, ह्यांच्या मनात आहे तरी काय.

महिना संपत आला तेव्हा फरीदांचा फोन आला. आवाज आज डॉक्टरांचा नव्हता.

“अक्का, तुमच्या फोननंतर मी चार जिल्ह्यांतली दुकानं फिरले. कपाटाकडे बघितलंच नाही. गेल्या गेल्या एवढंच विचारायचं, की सकाळच्या पहिल्या डब्याला तुम्ही काय करता? मग हळूच कुणी सांगायचं हळद, कुणी भस्म, एकानं तर गोमूत्र सांगितलं. आणि सांगू का, आमच्या निपाणीच्या चाचांचं दुकान आहे. चाचा पांढऱ्या गोलावर अत्तर लावायचे. मोगऱ्याचं!”

“अगं बाई!”

“त्रेचाळीस गवंडी निघाले अक्का, ज्यांना आम्ही हात गेला म्हणून घरी बसवलं होतं. त्रेचाळीस. मीच सह्या केल्या होत्या. सगळ्यांचे गुण परत लावले काल. आणि झाकणं बदलतोय. तो गोल मधोमध ठेवणाऱ्या आमच्या इंजिनिअरनं आपल्याकडचं दुकान सकाळी उघडताना कधी बघितलंच नव्हतं. तुमचं कपाट सोमवारी सुरू करा.”

अक्कानं फोन ठेवला. त्रेचाळीस घरं. त्या सगळ्या घरांत कुणीतरी आपला हात समोर धरून बघत बसलेला असणार. तिला इतकं बरं वाटलं, की त्या दिवशी फेविकॉल न्यायला आलेल्या पोरीला तिनं कल्लाण्णांचे गुण सांगितलेच नाहीत, नुसता चहा पाजला.

*

सोमवारी सात वाजता अक्कानं कपाट उघडलं. पहिला डबा हिरेवाडीच्या टाकीचा होता. नवं झाकण, भोकं परत कडेला. तिनं डबा पाटावर ठेवला आणि सवयीनं हात कोयरीकडे गेला. बोट हळदीत बुडालं, वर आलं, आणि डब्याच्या वर येऊन थांबलं. भोकं कडेला असली म्हणून काय झालं. आता पुन्हा ती चूक नाही. पण हळद लागलेलं बोट परत कुठं पुसायचं? तात्यांचा नेम पंचावन्न वर्षांचा.

कल्लाण्णांनी चपला काढल्या होत्या. ते पुढं आले आणि उजवा हात तिच्यासमोर धरला, पालथा.

“डब्याला नको. हितं लाव.”

हात थरथरत होता, थोडासा. खरं तर थरथरतच असणार बरीच वर्षं, आणि तरी सत्त्याण्णव. अक्कानं मनगटाच्या जरा पुढं हळद लावली, वर कुंकू लावलं. तिच्या बोटाचाही नेम धड राहिला नाही आणि कुंकू जरा बाजूलाच लागलं. कल्लाण्णांनी ते डोळे बारीक करून बघितलं.

“तुझा बी थरथरतोय की गं,” ते म्हणाले आणि डबा उचलून चालू लागले.

तिसऱ्या दिवशी अक्कानं सकाळपासून मोबाइल हातातून ठेवला नाही. पण कल्लाण्णांचा फोन आला नाही. सात वाजून पाच मिनिटं झाली, दहा मिनिटं झाली. साडेनऊ वाजता ते आले, डोक्याला सासऱ्यांनी बांधलेला चाळीस वर्षांपूर्वीचा, घडीवर विरलेला फेटा आणि हातात झाकण लावलेला तांब्या. चपला काढायच्या विसरून थेट आत आले.

“हिरवी?” अक्कानं विचारलं.

“टाकी भरल्याली हाय. आतलं पानी हाय हे. चा टाक ह्याचा.”

अक्कानं चहा टाकला. हिरेवाडीचं पाणी मुळात जड, त्यामुळे चहा थोडा मचूळच झाला होता. दोघांनी दोन दोन कप घेतले.